१६ तास उपाशी, तरीही भरलेलं पोट : एका भुलेची नोंद

मी भूलतज्ज्ञ. दुपारी साडेबाराला सर्जनचा फोन आला. "गुदद्वाराशेजारी मोठं गळू आहे, लाली पसरत चालली आहे. वीस मिनिटांचं काम. कालपासून काही खाल्लेलं नाही. एलएमए टाक आणि मोकळी हो."

त्यांच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. रुग्ण खरोखरच उपाशी होता आणि गळू फोडायला खरोखरच वीस मिनिटं लागतात. तरी त्या दिवशी एलएमए, म्हणजे तोंडातून घालून स्वरयंत्रावर बसवायचा श्वासाचा मास्क, टाकला असता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

रुग्ण ६१ वर्षांचे गृहस्थ, वजन ७२ किलो. मधुमेह १७ वर्षांपासून, इन्सुलिन चालू, पण एचबीएवनसी (मागच्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा) १०.४. सात महिन्यांपूर्वी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, त्यासाठी अपिक्साबान हे रक्त पातळ करणारं औषध दिवसातून दोनदा. चार दिवसांपासून बसता येत नव्हतं, दोन दिवसांपासून थंडी वाजून ताप. आले तेव्हा ताप ३८.८ अंश सेल्सिअस, नाडी ११८, रक्तदाब १०४/६२, साखर ३८६, पांढऱ्या पेशी २१ हजार, लॅक्टेट २.६. लघवीत कीटोन नव्हते. लाली वृषणाच्या दिशेने सरकत होती. मधुमेही माणसात अशा ठिकाणचा जंतुसंसर्ग काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो, त्यामुळे "उद्या बघू" म्हणण्याची सोय नव्हती.

कमरेतून भूल देणं सगळ्यात सोपं झालं असतं. पण अपिक्साबानची गोळी त्यांनी त्याच दिवशी सकाळी सात वाजता घेतली होती. त्या अवस्थेत पाठीच्या कण्याजवळ सुई घालायची म्हणजे तिथे रक्त साठून पाय लुळे पडण्याचा धोका पत्करायचा. शिवाय जंतुसंसर्ग अंगभर पसरत होता. म्हणजे पूर्ण भूल देण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मग प्रश्न उरला श्वासमार्गाचा. एलएमए स्वरयंत्राच्या वर बसतो. श्वास आत-बाहेर होण्याची सोय तो उत्तम करतो, पण पोटातलं काही वर आलं तर ते फुप्फुसात जाण्यापासून पक्कं अडवत नाही. जठरातलं शोषून घ्यायची वाट असलेले नवे प्रकार जास्त सुरक्षित आहेत. तरीही स्वरयंत्रातून खाली गेलेली, फुगा भरलेली नळी देते तशी राखण त्यांना जमत नाही. पोट रिकामं असेल तर हा फरक जाणवत नाही, भरलेलं असेल तर सगळं त्या फरकावरच अवलंबून असतं.

मी त्यांना विचारलं, "काका, शेवटचं कधी जेवलात?"

"काल रात्री साडेआठला, तेही थोडंसं. सकाळी सातला गोळ्यांबरोबर घोटभर पाणी."

दुपारी एकला हे बोलणं झालं. म्हणजे जेवून साडेसोळा तास आणि पाणी पिऊन सहा तास. जगभरचे नियम साधारण सारखे आहेत : स्वच्छ द्रवासाठी २ तास, हलक्या खाण्यासाठी ६, तेलकट-जड जेवणासाठी ८. कागदावर काका त्यांच्या कितीतरी पुढे होते. मी आणखी एक प्रश्न विचारला, जो हल्ली प्रत्येक जुन्या मधुमेही रुग्णाला विचारते : "जेवण लवकर पचतं का? दोन घासांत पोट भरल्यासारखं होतं का?"

ते म्हणाले, "हो, अहो, जेवण वरच राहतं. सकाळी ढेकर येतात ते रात्रीच्या जेवणाचे."

या एका वाक्यावर मी अल्ट्रासाउंडचं मशीन मागवलं.

इथे एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, दुसऱ्या एका रुग्णालयात अशाच एका मधुमेही रुग्णाला छोट्या कामासाठी मी एलएमए टाकला होता. दहा तास उपाशी. शस्त्रक्रिया संपत आली आणि नळीत तपकिरी पाणी चढताना दिसलं. पुढचे सहा दिवस तो माणूस व्हेंटिलेटरवर होता. वाचला, घरी गेला. पण नळीतलं ते तपकिरी पाणी मी विसरलेले नाही. मी नियम पाळला होता, पण नियम घड्याळ बघतो, जठर बघत नाही.

मधुमेह जुना झाला की जठराला हालचालीचा हुकूम देणाऱ्या नसा दुबळ्या होतात. त्यात साखर चढलेली असेल तर जठर आणखी मंदावतं. दुखणं, ताप, अंगातला जंतुसंसर्ग आणि दुखण्यावरची इंजेक्शनं यांनीही तेच होतं. काकांना सकाळी ट्रामाडॉल दिलं होतं. सगळी कारणं एकाच जागी जमली होती.

आठवड्यातून एकदा घ्यायची वजन-साखरेची इंजेक्शनं, म्हणजे सेमाग्लुटाइडसारखी औषधं, हे याच कहाणीतलं नवं पात्र आहे. काका ती घेत नव्हते, पण मी विचारलं. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी एक आठवडा ती थांबवावीत असं सुचवलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अनेक संघटनांनी मिळून भूमिका थोडी सैल केली : बहुतेक रुग्णांत ती चालू ठेवता येतील, धोका जास्त वाटला तर आदल्या दिवशी पातळ आहार द्यावा आणि त्या दिवशी शंका असेल तर जठराचा अल्ट्रासाउंड करावा. मला ही दुसरी भूमिका जास्त पटते, कारण ती समोरच्या माणसाकडे बघायला सांगते.

प्रोब ठेवल्यावर काय दिसलं

वक्र प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) घेतला, २ ते ५ मेगाहर्ट्झचा. डोकं वर करून काकांना उताणं ठेवलं, कारण सपाट झोपणं त्यांना सहन होत नव्हतं. प्रोब छातीच्या हाडाखाली, मध्यरेषेवर उभा धरला. डावीकडे यकृताचा डावा भाग, मागे महाधमनीचा धडधडणारा पट्टा, आणि या दोघांच्या मधे अँट्रम, म्हणजे जठराचा शेवटचा भाग. नेमका हाच भाग बघायचा, कारण तो शोधायला सोपा, फारसा हलत नाही आणि आत काय आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. जठराचा वरचा फुगीर भाग हवेमुळे दिसतच नाही.

रिकामा अँट्रम छोटा, चपटा किंवा गोल असतो. गोल असला की नेमबाजीच्या फळीवरच्या वर्तुळांसारखा दिसतो. स्वच्छ पाणी असेल तर आतला भाग काळाकुट्ट, कधी त्यात हवेचे बुडबुडे ताऱ्यांसारखे चमकतात. नुकतंच जेवलेल्याच्या जठरात अन्नाबरोबर हवा असते, त्यामुळे पुढची भिंत पांढरी आणि मागचं सगळं धुरकट काचेसारखं. तासा-दोन तासांनी ती हवा विरते आणि करड्या रंगात बारीक-मोठे ठिपके दिसू लागतात.

काकांचा अँट्रम पहिल्या नजरेतच मोठा दिसला. गोलसर, ताणलेला, आणि आत करड्या चिखलात पांढरट कण. मी प्रोब स्थिर धरला. जठराची एक लाट आली, आकुंचन अर्ध्यावर विरलं, आणि ते कण जागच्या जागी घुटमळून पुन्हा खाली बसले. ती लाट मी पूर्ण एक मिनिट बघत होते. आत काल रात्रीचं जेवण होतं. सोबतची निवासी डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, हे तर सगळं तसंच आहे."

उजव्या कुशीवर वळवायची गरज खरं तर उरली नव्हती. घन अन्न दिसलं की पोट भरलेलं आहे, तिथे मोजमाप करत बसायचं नसतं. तरी वळवलं, पुढे तुलना करायला चित्र हवं होतं म्हणून. उजव्या कुशीवर जठरातलं द्रव गुरुत्वाने अँट्रममध्ये उतरतं, म्हणून तिथे थोडं पाणीही दिसतं. द्रव दोन्ही स्थितींत दिसलं नाही तर श्रेणी ०, फक्त उजव्या कुशीवर दिसलं तर १, दोन्हीकडे दिसलं तर २. श्रेणी २ म्हणजे सावध व्हायचं.

सर्जनला पडदा दाखवला. ते दोन क्षण बघत राहिले आणि म्हणाले, "मग? थांबू शकत नाही मी."

"थांबायचं नाहीये. पण दोन तास मला दे. तेवढ्यात अँटिबायोटिक आत जाईल, पाणी जाईल, साखर खाली येईल. ते तुलाही हवंच आहे."

हे मी मुद्दाम लिहिते आहे. अल्ट्रासाउंडमुळे शस्त्रक्रिया रद्द झाली नाही. ठरलेली शस्त्रक्रिया असती तर पुढे ढकलली असती, इथे तो मार्गच नव्हता. बदलला तो फक्त आमचा वेळ वापरण्याचा आराखडा.

दोन तास

ईसीजी बघितला, क्यूटी (ठोक्यातलं एक अंतर, एरिथ्रोमायसिनने ते लांबू शकतं) ठीक होता, पोटॅशियम ४.१. मग एरिथ्रोमायसिन २०० मिलिग्रॅम, सलाइनमधून अर्ध्या तासात. किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅम हा हिशेब. जंतूंवर नव्हे, जठराला ढकलण्यासाठी. शिरेतून दीड लिटर द्रव, अँटिबायोटिक, इन्सुलिनचा ड्रिप. तीन वाजता नाडी १०२ झाली, रक्तदाब ११६/७०, साखर २४०.

पुन्हा प्रोब ठेवला. चिखल बराच कमी झाला होता, काळं पाणी जास्त, त्यात मोजके कण. आता उजव्या कुशीवर मोजमाप घेतलं. दोन लाटांच्या मधे, जठर शांत असताना, भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, तीन वेळा आणि सरासरी. पुढून मागे ३.६ सेंटिमीटर, वरून खाली ५ सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार गुणिले ३.१४ भागिले ४, म्हणजे क्षेत्रफळ १४.१ चौरस सेंटिमीटर. गर्भवती नसलेल्या प्रौढांसाठीचं सूत्र असं : २७, अधिक १४.६ गुणिले क्षेत्रफळ, वजा १.२८ गुणिले वय. उत्तर सुमारे १५५ मिलिलिटर, किलोमागे २.२. उपाशी निरोगी माणसाच्या जठरात स्रवणारं पाणी किलोमागे १.५ मिलिलिटरपर्यंत असू शकतं, म्हणून तीच सीमारेषा धरतात. काकांच्या वजनाला ती १०८ मिलिलिटर होते.

हे सूत्र स्वच्छ द्रवासाठी आहे. कण असताना ते लावणं थोडं ओढूनताणून होतं, हे मला माहीत होतं. मी तो आकडा खरा म्हणून घेतला नाही, अजून काढण्यासारखं आत बरंच आहे एवढंच त्यातून घेतलं.

मग जागेपणीच रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, घालायचं ठरवलं. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना नाकातून नळी म्हणजे घोळणा फुटण्याची भीती, म्हणून नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब, बधिर करणारी लिग्नोकेनची जेली, १६ फ्रेंचची नळी आणि घाई अजिबात नाही. "काका, गिळा... अजून एकदा... झालं." नाकातून थोडं रक्त दिसलं, थांबलं. नळीतून तपकिरी, आंबूस वासाचं पाणी आलं. मधे एकदा कणांनी नळी तुंबली, सलाइनने मोकळी केली. एकूण १४० मिलिलिटर निघालं.

नळी घातली म्हणजे पोट रिकामं झालं असं समजायची चूक फार होते. नळीच्या टोकाला जे लागेल तेच निघतं. म्हणून तिसऱ्यांदा प्रोब : १.८ बाय ३.४ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ४.८, सूत्राने जेमतेम १९ मिलिलिटर. पण मागच्या भिंतीला चिकटलेले दोन-तीन पांढरे तुकडे अजूनही दिसत होते.

निवासी डॉक्टरने विचारलं, "आता आकडा चांगला आहे मॅडम, मग एलएमए?"

नाही. आकड्याने धोका कमी झाला होता, संपला नव्हता. श्वासनलिकेत एक तुकडा जायलाही फार जागा लागत नाही. श्वासनलिकेत नळी आणि तीही झटपट पद्धतीने (झोपेचं आणि स्नायू शिथिल करणारं औषध लागोपाठ देऊन लगेच), म्हणजे आरएसआय, हे माझ्या मनात पहिल्या चित्रापासूनच पक्कं होतं. पुढच्या दोन चित्रांनी एवढंच केलं की औषध दिल्यापासून नळी टाकेपर्यंतचे साठ सेकंद जरा कमी जीवघेणे झाले.

गळ्यावरचा प्रोब

प्रोब बदलला, आता सरळ आणि जास्त फ्रिक्वेन्सीचा. काकांची मान जाड आणि आखूड होती. नळी गेली नाही तर गळ्यातून वाट काढायची वेळ येते, आणि तेव्हा क्रायकोथायरॉइड पडदा (गळ्यातल्या थायरॉइड आणि क्रायकॉइड या दोन कूर्चांमधला पातळ पडदा) बोटांनी शोधत बसणं म्हणजे अंधारात कुलूप शोधणं. म्हणून तो आधीच शोधून पेनने खूण केली. प्रोब आडवा धरून वरून खाली : आधी थायरॉइड कूर्चेचा त्रिकोण, मग हवेची पांढरी रेघ, मग क्रायकॉइडची काळी कमान, आणि परत हवेच्या रेघेवर मागे. ती रेघ म्हणजे पडदा. मान भूल देताना असेल तशीच मागे वळवून खूण करायची, नाहीतर कातडी सरकते आणि खूण खोटी ठरते. मला स्वतःला बोटांनी जी जागा वाटली होती ती खुणेपासून सेंटिमीटरभर वर होती.

यानंतरचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ब्रायन सेलिक यांनी १९६१ साली लॅन्सेटमध्ये क्रायकॉइडवरचा दाब मांडला : कूर्चेची गोल कडी मागच्या मणक्यावर दाबायची, मधली अन्ननलिका बंद होते, पोटातलं वर येत नाही. कित्येक दशकं भूलशास्त्रात हा दाब प्रश्न न विचारता दिला गेला. पण एमआरआयच्या अभ्यासात दिसलं की निम्म्याहून जास्त माणसांत अन्ननलिका मुळातच कडीच्या मागे सरळ नसते, बाजूला सरकलेली असते, आणि दाब दिल्यावर आणखी सरकते. त्यावर दुसऱ्या संशोधकांनी म्हटलं की दबते ती अन्ननलिका नव्हे, तिच्या वरचा घशाचा भाग, आणि तो कडीबरोबरच हलतो. वाद मिटलेला नाही. २०१९ साली छापून आलेल्या फ्रान्समधल्या आयरिस चाचणीत ३,४७२ रुग्ण होते. खरा दाब आणि नुसतं दाबल्याचं नाटक, दोन्ही गटांत फुप्फुसात अन्न जाण्याचं प्रमाण ०.६ आणि ०.५ टक्के. नाटक कमी पडत नाही हे संख्याशास्त्राने सिद्ध झालं नाही, पण खऱ्या दाबाने नळी टाकणं अवघड होतं हे दिसलं.

अशा वेळी मला वाटतं, सरासरी माणसाचा वाद बाजूला ठेवून समोरच्या माणसाची अन्ननलिका कुठे आहे ते बघावं. काकांच्या गळ्यावर क्रायकॉइडच्या पातळीला प्रोब आडवा धरला, त्यांना आवंढा गिळायला सांगितला. श्वासनलिकेच्या डावीकडे मागे एक चपटं वर्तुळ क्षणभर उघडलं, आत पांढरी चमक सरकली, आणि मिटलं. अन्ननलिका अर्धीअधिक कडीच्या बाहेर होती. क्रायकॉइड हलकेच दाबलं तर ती आणखी डावीकडे निसटली.

मग प्रोब थोडा खाली, गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेच्या तिरक्या स्नायूच्या आतल्या बाजूने आणि श्वासनलिकेच्या डावीकडे ठेवला. तिथे प्रोबनेच हलका दाब दिला. अन्ननलिका मागच्या मणक्यावर चपटी झाली, गिळतानाही उघडली नाही. याला डावा पॅराट्रॅकियल दाब म्हणतात. दाबण्याआधी रंगीत डॉप्लरने शेजारची कॅरॉटिड, म्हणजे मेंदूकडे जाणारी धमनी, बघितली, कारण ६१ वर्षांच्या मधुमेही माणसाच्या धमनीत चरबीचा थर असेल तर तिथे बोट टेकणंही नको. थर नव्हता, आणि बोटांच्या जागेपासून धमनी बाजूला होती. या दाबानेही मृत्यू किंवा न्यूमोनिया कमी होतो असं मोठ्या चाचणीने सिद्ध झालेलं नाही, हे मी टीमला सांगितलं. पण या माणसात अन्ननलिका कुठल्या दाबाने बंद होते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. बोटं जिथे ठेवायची तिथे दुसरी खूण केली.

दाब द्यायचं काम निवासी डॉक्टरकडे दिलं. जागेपणी १० न्यूटन, शुद्ध हरपल्यावर ३०. तीस न्यूटन म्हणजे तीन किलो वजनाएवढं, पण बोटांना ते कसं कळणार? आम्ही तोंड बंद केलेली ५० मिलिलिटरची सिरिंज वापरतो. ५० वर हवा भरून दट्ट्या ३३-३४ च्या खुणेपर्यंत दाबला की साधारण ३० न्यूटन होतात. तिने तीन वेळा दाबून बघितलं आणि मग हात धुतले.

भूल

पाठ २५ अंश वर. दोन सक्शन चालू, एक उशीखाली, एक माझ्या हाताशी. रायल्स ट्यूब पुन्हा एकदा शोषून उघडी ठेवली. घट्ट मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन, बाहेर पडणाऱ्या श्वासात ९० टक्के येईपर्यंत. झोपेसाठी केटामिन १०० मिलिग्रॅम, लगेच स्नायू शिथिल करायला रोक्युरोनियम ९० मिलिग्रॅम. पापणीची हालचाल थांबली तशी मी म्हटलं, "आता पूर्ण दाब." साठ सेकंद. त्या साठ सेकंदांत मी घड्याळाकडे पाहत नाही, घशाकडे पाहते.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपवर (घशात बघायच्या कॅमेऱ्यावर) स्वरयंत्र मधोमध दिसलं. घशात काहीही नव्हतं. आठ नंबरची नळी बूजीवरून, म्हणजे वाट दाखवणाऱ्या लवचिक कांडीवरून, पहिल्याच प्रयत्नात गेली. फुगा भरला, श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफवर चौकोनी लाटा आल्या, सहा मोजल्या, मगच म्हटलं, "सोड."

नळी जागेवर आहे की नाही याचा निकाल कॅप्नोग्राफच देतो, अल्ट्रासाउंड नाही. तरी गळ्यावर प्रोब टेकवला : श्वासनलिकेची एकच हवेची रेघ, शेजारी दुसरी नाही. नळी चुकून अन्ननलिकेत गेली असती तर तिथे दुसरी पोकळी उघडलेली दिसली असती. छातीवर दोन्ही बाजूंना फुप्फुसाचं आवरण सरकताना दिसलं, म्हणजे नळी फार खोलही नव्हती. वीस सेकंदांचं काम. फुग्याचा दाब २५ सेंटिमीटर पाण्याएवढा ठेवला.

गळवातून जवळपास दीडशे मिलिलिटर पू निघाला, बाजूची सडलेली कातडी काढावी लागली. वीस मिनिटांचं काम पस्तीस मिनिटांवर गेलं.

भूल उतरताना पोट विसरलं जातं. ब्रिटनमधल्या नॅप ४ या मोठ्या पाहणीत, २०११ साली तिचा अहवाल आला, भुलेतल्या श्वासमार्गाच्या अपघातांत मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण फुप्फुसात अन्न जाणं हेच निघालं. हा अपघात रुग्ण झोपताना होतो तसाच जागा होतानाही होऊ शकतो. पाय खाली घेतले, पाठ वर केली, चौथ्यांदा प्रोब ठेवला. अँट्रममध्ये पुन्हा थोडं पाणी जमा झालं होतं. नळीतून ४० मिलिलिटर काढलं, परत बघितलं, आता चपटा दिसला. रोक्युरोनियमचा असर उतरवणारं सुगामाडेक्स दिलं, टीओएफ (स्नायूंची ताकद किती परतली ते सांगणारा आकडा) ०.९ च्या वर आल्यावर डाव्या कुशीवर वळवलं. काकांनी डोळे उघडले, सांगितल्यावर हाताची मूठ घट्ट आवळली, डोकं उचललं, मग नळी काढली. खोकला आला, कोरडा. फुप्फुसं दोन्ही बाजूंना स्वच्छ, ऑक्सिजन साध्या हवेवर ९६.

सर्जन हातमोजे काढत म्हणाले, "पुढच्या वेळी फोनवर मला आधी विचार, मशीन आणलं का म्हणून." मी म्हटलं, "विचारेन."

तीन दिवसांनी जखम पुन्हा उघडून धुवायची होती. अपिक्साबान थांबवून ७२ तास झाले होते, ताप नव्हता, पेशी ११ हजारांवर आल्या होत्या, म्हणून या वेळी कमरेतून भूल द्यायचं ठरलं. तरीही प्रोब ठेवला, कारण कमरेतली भूल कधी अपुरी पडते आणि मग पूर्ण भुलेकडे वळावं लागतं. आदल्या दिवशी त्यांना पातळ आहारच दिला होता. उताणं आणि उजव्या कुशीवर, दोन्हीकडे छोटा गोल अँट्रम, आत काही नाही. काकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. "ते गोल गोल काय आहे?"

"तुमचं पोट. आज रिकामं आहे."

"त्या दिवशी नव्हतं?"

"नव्हतं. कागदावर होतं, पण आत नव्हतं."

ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि मग उठून बसायला हात पुढे केला, पाठ वाकवून.

घरी जाताना त्यांच्या भुलेच्या कार्डावर मी लिहिलं : जठर मंद आहे, साडेसोळा तास उपाशी असूनही घन अन्न आढळलं, पुढच्या प्रत्येक भुलेआधी अँट्रम बघावा, अन्ननलिका क्रायकॉइडच्या डावीकडे आहे. खाली तारीख घातली आणि दोन्ही दिवसांची चित्रं टाचली.